कुंता बांतेची दोन वर्षांची जागा

तुमसरजवळच्या सिहोऱ्याचे शेतकरी सोमाजी बांते यांची मुलगी कुंता १९७९ साली नागपूरहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिला संशोधन करायचं होतं. पण तशा जागा कुठे निघतात हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. तुमसरच्या वाचनालयात जाऊन ती पेपरातल्या जाहिराती बघायची.

एका संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. कामाबद्दलची उत्तरं तिनं नीट दिली. शेवटी एकानं विचारलं, "लग्न झालं की काम अर्धवट टाकाल. मग आम्ही काय करायचं?"

"मुलगेही बँकेत लागले की सोडून जातातच ना, सर?"

निवड झाली नाही. पुढेही दोन ठिकाणी नकारच आला.

मग ती सरळ नागपूरला आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे, कृष्णराव सरांकडे गेली. धानावरच्या गादमाशीचा प्रकल्प त्यांच्याकडे होता. या माशीची अळी रोपाच्या गाभ्यात शिरली की लोंबी धरतच नाही. सरांचा सहायक ऐन हंगामात काम सोडून गेला होता.

"रोज चिखलात उतरून रोपं तपासावी लागतील. पगार थोडा, मुदत दोन वर्षं," सर म्हणाले.

"शेत सिहोऱ्याचं चालेल?"

"चालेल काय, बरंच होईल."

घरी सोमाजी म्हणाले, "दोन वर्साची का नोकरी राह्यते वं? मास्तरीण काहून नाही होत?"

"मंग होईन, बाबा. आता मले हे पाह्यचं हाय."

तरी त्यांनी तळ्याखालची एक बांदी, धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा, तिला दिली. माशीची वाढ मोजायची म्हणून तिथं औषध मारायचं नाही हे कळल्यावर मात्र ते त्या बांदीकडे फिरकेनासे झाले. त्या बांदीतलं निम्मं धान गेलं. कुंताच्या दृष्टीनं प्रयोग चांगला झाला होता. पण हे आईला, सत्यभामाबाईंना, सांगायची तिची हिंमत झाली नाही.

मुदत संपली, अनुदान वाढलं नाही. याच कामावरचा पीएच.डी.चा प्रबंध अपुराच होता. ती तुमसरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागली आणि सुट्ट्यांमध्ये लिहीत राहिली. १९८६ साली पीएच.डी. मिळाली, तोवर संशोधनाच्या बऱ्याचशा कायम जागांची वयोमर्यादा उलटून गेली होती. पुढच्या वर्षी रायपूरच्या एका संशोधन केंद्रात तीन वर्षांची जागा निघाली आणि ती कुंताला मिळाली. शिकवण्याची नोकरी तोवर कायम झाली होती. ती सोडून कुंता निघाली. घरी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, म्हणून सोमाजी स्टेशनावर आले नाहीत. तुमसर रोडहून तिनं एकटीनंच गाडी धरली.