बस आणि बांध

आमच्या वन्सं डूख धरतात. ही तक्रार नाही, मी कौतुकानं सांगते आहे. मला राग आला की मी भांडी आपटते, दोन शब्द सुनावते आणि संध्याकाळपर्यंत विसरून जाते, त्यामुळे माझ्या रागाला घरात कुणी विचारत नाही. वन्संचं तसं नाही. शेजाऱ्यानं एकदा त्यांच्या कुंपणातून डोकावणारी फांदी न विचारता छाटली. वन्सं नुसतं "बरं" म्हणाल्या. मग त्यांनी कुंपणाला एक वेल लावली आणि तिला असं वळण दिलं, की वर्षभरात तिनं त्या शेजाऱ्याच्या न्हाणीघराची खिडकी पार झाकून टाकली. तो अजून भर दुपारी दिवा लावून अंघोळ करतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, उभा जन्म बालवर्गात काढला. शाळेच्या मागं मातीचं मोकळं अंगण आहे, तिथं चार-पाच वर्षांची पोरं घेऊन बसायचं हे त्यांचं काम. पोरं त्यांना मावशी म्हणतात. विकतची खेळणी तिथं नावालाही नाहीत. काटक्या, झाडाची सालपटं, वाळक्या शेंगा, खडे, सुतळीचा एक गुंडा आणि नळाला लावलेला पाइप, एवढ्यावर पोरं दिवसभर घरं बांधत असतात. मुंग्यांसाठी, गोगलगायींसाठी. एकानं तर हरवलेल्या मोज्यासाठी घर बांधलं होतं, म्हणजे तो परत आला तर राहील कुठं, असा त्याचा सवाल.

त्या अंगणात कायदा एकच. दुसऱ्याचं घर मोडलं की सॉरी म्हणून पळायचं नाही. वन्सं म्हणायच्या, "सॉरी नको. बस आणि बांध." मोडणाऱ्यानं तिथंच मातीत फतकल मारायची आणि ज्याचं घर मोडलं त्याच्या मनासारखं होईपर्यंत उठायचं नाही. यातून कुणाची सुटका नव्हती. टाकी दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरचा पाय एका गोगलगायीच्या घरावर पडला, तर पोरांनी त्याला हातातल्या पान्यासकट खाली बसवलं. आमचे हे बहिणीला डबा द्यायला गेले होते, तेही एकदा सापडले. घरी आले ते पँटीच्या मागं चिखल घेऊन, आणि वर म्हणाले, "कौल चांगलं बसलं हं माझं."

मग शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. म्हणजे मुख्याध्यापिका. पण त्या बाईला मी अहो-जाहो करणार नाही, निदान लिहिताना तरी नाही. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मान वर, नजर समोर. चालताना तिनं कधी जमिनीकडे बघितलं असेल असं मला वाटत नाही. अंगण बघून ती एवढंच म्हणाली, "किती पसारा!"

सुट्टीत तिनं अंगणाच्या कोपऱ्यातली पडवी साफ करून घेतली. त्या पडवीत पोरांनी वेचून आणलेला खजिना होता. पिसं, शेंगा, गोगलगायींचे रिकामे शंख, आणि एक घरटं. ते घरटं वाऱ्यानं पडलं होतं. त्याआधी पोरांनी त्यात पिल्लं वाढताना बघितली होती, खिडकीत एकावर एक चढून, श्वास रोखून. सुट्टी संपवून वन्सं गेल्या तर पडवी धुतलेली आणि कोपऱ्यात राख. घरटंसुद्धा त्यातच.

"किडे होतात हो असल्या कचऱ्यानं," मोठी बाई म्हणाली. "आता आपण सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून घेऊ. छान, स्वच्छ. पालकसभेत जाहीर करते. तुम्ही आत वर्गात बसा, मुलांकडून चित्रं रंगवून घ्या."

वन्सं म्हणाल्या, "बरं."

घरी येऊन त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही नुसतं बरं म्हणालात? मी असते तर तिच्या डोक्यावर तीच राख ओतली असती."

वन्सं नखांतली माती काढत होत्या. म्हणाल्या, "अंगण गेलं तर मी संपले. वर्गात बसून छापील फुलं रंगवायला मी जगणार नाही. पण जाण्याआधी त्या बाईला मी मातीत बसवीन. सगळ्यांसमोर."

"जाऊ दे गं ताई," आमचे हे म्हणाले. त्यांना हे वाक्य जन्मतःच येत असावं. दोघींनी मिळून त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

त्याच सुमाराला मोठ्या बाईची नात वन्संच्या वर्गात आली. चार वर्षांची, हडकुळी, फारशी बोलायची नाही. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून पोरांनी तिचं नाव मुंगी ठेवलं. वन्सं सुरुवातीला म्हणायच्या, "शत्रूची नात आहे." पण आठवड्याभरात सूर बदलला. "अगं, काय हात आहेत त्या पोरीचे! काटकीवर काटकी अशी ठेवते की फुंकर मारली तरी हलत नाही." मुंगीनं भिंतीच्या आडोशाला एका लाकडी फळीवर घर बांधायला घेतलं होतं. सालपटांचं छप्पर, खड्यांची वाट, दारावर पिसाचा पडदा. त्यात कोण राहणार ते ती कुणाला सांगत नव्हती. एके दिवशी तिनं वन्संना खाली वाकवलं आणि कानात सांगितलं. ज्यांचं घरटं जळलं ते पक्षी राहणार होते. जाळलं कुणी, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं.

माझी खात्री आहे, वन्संना डाव सुचला तो त्याच दिवशी.

पालकसभा अंगणातच होती. खुर्च्या मांडायला मदत हवी म्हणून मी लवकर गेले. भिंतीपलीकडं पेव्हर ब्लॉकचा ढीग येऊन पडलेला. वन्संनी पाइप सोडून इमारतीच्या दारापासून टेबलापर्यंतची जमीन चांगली भिजवली होती. धूळ बसावी म्हणून, असं सांगत होत्या. मग त्यांनी मुंगीच्या घराची फळी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि त्या वाटेच्या अगदी मधोमध आणून ठेवली. चारी बाजूंनी वाळका पाला पसरला. आता वरून बघणाऱ्याला तो पाचोळ्याचा ढीगच वाटला असता.

"तिथं कशाला?" मी विचारलं.

"सगळ्यांना दिसावं म्हणून," वन्सं म्हणाल्या, आणि माझ्या लक्षात आलं. खरं सांगते, माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात मुंगी आली. आधी भिंतीकडे धावली, घर नाही म्हणून गोल गोल फिरली आणि शेवटी वाटेवर येऊन थबकली.

"मावशी, इथं कुणी ठेवलं?"

"मी. तुझं घर सगळ्यांनी बघायला नको का?"

"कुणीतरी पाय देईल."

"नाही देणार," वन्संनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मी आहे ना."

पोरगी निर्धास्त होऊन इतर मुलांत जाऊन बसली.

पालक जमले. मोठी बाई दारातून निघाली, हातात कागद, चेहऱ्यावर हसू, नजर समोर. वन्सं टेबलाशेजारी हाताची घडी घालून उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी मात्र दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती.

कडाड् असा आवाज झाला. मोठ्या बाईनं दचकून पाय उचलला आणि तोल सावरायला दुसराही त्यातच दिला. छप्पर, दार, वाट, सगळं मातीत गेलं.

"अरे! हे कुणाचं? सॉरी हं बाळांनो," ती म्हणाली आणि बूट झटकून पुढं निघाली.

मुंगी उठून तिच्यासमोर आली. रडली नाही. "आजी, सॉरी नको," ती म्हणाली. "बस आणि बांध."

"घरी गेल्यावर हं राणी."

"बस आणि बांध!" आता सगळी पोरं ओरडायला लागली. टाळ्या वाजवत, पाय आपटत, एका सुरात. पालक हसायला लागले. ज्यांना कायदा माहीत होता त्यांनी बाकीच्यांना समजावून सांगितला, मग तेही हसायला लागले. मोठ्या बाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळ्यांच्या देखत नातीला झिडकारणार कशी? गुडघे वाकवत वाकवत ती बाई खाली बसली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी, ओल्या मातीत.

वन्संकडं मी त्या क्षणी बघितलं. पडवीतली ती राख त्यांच्या डोळ्यांतून निघून गेली होती. एवढं सुख मी त्यांच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं.

पण मुंगीचं अजून संपलं नव्हतं. ती वन्संसमोर गेली.

"मावशी, तू पण."

"मी कुठं मोडलं?"

"तू इथं ठेवलंस. मी म्हटलं होतं पाय देतील. तू म्हणालीस नाही देणार."

हसणं थांबलं. पोरांनी मात्र कसलाही विचार न करता नवा सूर धरला, "मावशी पण! मावशी पण!" कायदा सगळ्यांना सारखा, हे त्यांना वन्संनीच शिकवलं होतं. वन्सं बसल्या.

दोघी गुडघ्याला गुडघा लावून काटक्या रचत होत्या. मी खाली पडलेली सुतळी उचलून द्यायच्या निमित्तानं जवळ गेले, म्हणून मला ऐकू आलं.

"मुद्दाम केलंत ना?" मोठी बाई ओठ न हलवता म्हणाली.

"घरटं जाळलंत ते चुकून जाळलंत का?"

मोठ्या बाईला सुतळीची गाठ काही जमेना. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा काटक्याच कोसळल्या. वन्संनी बघून घेतलं, पण गाठ दाखवली नाही. मागून एका बापानं विचारलं, "बाई, तुमचं झालं की आम्हालाही जरा बसू द्या. आणि हे ब्लॉक कशासाठी आणलेत?" मोठ्या बाईच्या हातातला कागद केव्हाच चिखलात गेला होता. त्या दिवशी काही जाहीर झालं नाही. नंतर ते ब्लॉक शाळेच्या पुढच्या फाटकाशी बसवले, गाड्या लावायला. अंगण राहिलं.

घरी आल्यावर वन्सं अंगावरची माती धुवायला तयार नव्हत्या. "बसवली की नाही?" असं मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. आमचे हे नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडत होते, पण तेही हसले.

मुंगी दुसऱ्या दिवशी शाळेत बुटांचं रिकामं खोकं घेऊन आली. आता ती खोक्यातच बांधते, शाळा सुटली की झाकण लावते आणि उचलून घरी नेते. वन्संनी तिला जुनं घर पुन्हा बांधून दिलं, तसंच छप्पर, तशीच वाट, पिसाचा पडदासुद्धा. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे माझं नाही. हे तुझं आहे." वन्संनी सुतळी पुढं केली तर म्हणते, "माझ्याकडे आहे." आजीच्या मांडीवर मात्र ती जाऊन बसते, कारण आजीनं पाय चुकून दिला होता.

मोठ्या बाईवर उट्टं काढल्याचं वन्संना आजही काही वाटत नाही, आणि मलाही नाही. पण गेल्या आठवड्यात त्या शाळेतून आल्या त्या सरळ खुर्चीत बसल्या. चपलाही काढल्या नाहीत. मी पाणी दिलं.

"आज मी तिला सॉरी म्हटलं," त्या म्हणाल्या.

हा शब्द वन्संच्या तोंडून मी या घरात आल्यापासून ऐकला नव्हता.

"मग? काय म्हणाली?"

"खोक्याचं झाकण लावत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, सॉरी नको."

"आणि पुढं?"

"पुढं काही म्हणाली नाही," वन्सं म्हणाल्या. "खोकं उचललं आणि गेली."