स्पिलव्हिलच्या विहीणबाई

इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलमध्ये, आमच्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी यायच्या आतच मी आमची गाडी बाहेर काढली. शेजारी माझा नवरा अविनाश, त्याच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, मागच्या सीटवर नवी जांभळी शाल. चेक संस्कृती बघायला लोक अटलांटिक ओलांडून जातात. आम्ही निघालो होतो शेजारच्या आयोवा राज्यात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बोहेमिया या चेक प्रांतातून आलेली शेतकरी आणि कामगार कुटुंबं तिथे स्थिरावली. सीडर रॅपिड्स शहर आणि त्याच्या उत्तरेची काही खेडी अजून त्यांच्या खुणा अंगावर बाळगून आहेत.

पण आम्हाला तिकडे नेलं ते आमच्या सईने. सई आमची एकुलती एक मुलगी. सप्टेंबरात तिचं लग्न डॅनियलशी ठरलं आहे. डॅनियल शाळेत असतानाच त्याची आई गेली. वडील दुसरा संसार थाटून दूर टेक्सासला राहायला गेले आणि त्याला आईच्या आईने, स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात राहून, वाढवलं. तो तिला बाबी (चेक भाषेतली आजी) म्हणतो. हॉल ठरला, गुरुजी ठरले आणि बाबीने फोनवर शांतपणे सांगून टाकलं, की मी लग्नाला येणार नाही. गुडघे दुखतात, इलिनॉय लांब आहे.

"तो म्हणतो इट्स फाइन," सई मला म्हणाली. "पण ही इज नॉट फाइन, आई. ही क्राइड."

"मी बघते," मी म्हटलं.

मी तीस-पस्तीस वर्षं पूल तपासण्याचं काम केलं. पुलाला तडा दिसतो एकीकडे आणि खचलेलं असतं भलतीकडेच, हे मला माहीत आहे. शिवाय फोनवर कुठलाही पूल तपासता येत नाही. अविनाश निवृत्त भूलतज्ज्ञ आहे, लोकांना शांत ठेवण्याची त्याला जन्मभराची सवय. तो म्हणाला, "आपण जाऊ, पण विषय काढायचा नाही. नुसतं प्रवासी म्हणून जायचं." मी हो म्हटलं. विषय मात्र मी काढणार होते.

मिसिसिपीवर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. नदी रुंद, तपकिरी, घाई नसलेली. मी गाडीचा वेग कमी करून पुलाच्या कमानींकडे बघायला लागले.

"मैत्रेयी, रस्त्याकडे बघ. पूल त्याचा त्याचा उभा राहील," अविनाश म्हणाला.

नदीपलीकडे आयोवा सुरू झाला. इथली जमीन सपाट असते असं सगळे सांगतात, पण ती हलक्या लाटांसारखी वरखाली होत जाते. काळ्या मातीत मक्याचे कोवळे कोंब नुकतेच वर आले होते.

सीडर रॅपिड्सच्या जुन्या चेक वस्तीत एकच मुख्य रस्ता आहे, पण तो मन लावून राखलेला आहे. विटांची बैठी दुकानं, दारांवर 'व्हीतामे वास' (आपलं स्वागत असो) अशी पाटी, काचेच्या खिडक्यांत डाळिंबाच्या दाण्यांसारखे गार्नेटचे लाल खडे आणि कोरीव काम केलेले काचेचे पेले. बेकरीतून खमिराचा, भाजल्या साखरेचा वास रस्त्यावर येत होता. एका उपाहारगृहात शिरलो. मी बदक, आंबट कोबी आणि क्नेडलिकी (पिठाचा लांबट गोळा शिजवून त्याचे केलेले काप) मागवलं. हे काप दिसतात पावासारखे, लागतात इडलीच्या चुलतभावासारखे आणि रस्सा मात्र इडलीपेक्षाही झटकन शोषून घेतात. अविनाश शाकाहारी. त्याने बटाट्याचं सूप मागवताना नीट विचारून घेतलं.

"यात मांस नाही ना?"

"छे, मांस अजिबात नाही," वाढणाऱ्या बाई प्रेमाने म्हणाल्या. "चवीपुरतं बेकन आहे, बस."

सूप माझ्याकडे आलं. त्याला तळलेलं चीज आणि शेपू घातलेली काकडीची कोशिंबीर मिळाली. कोशिंबीर त्याने दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर तिथलं चेक आणि स्लोव्हाक संग्रहालय बघितलं. काही वर्षांपूर्वी नदीला महापूर आला, तेव्हा हे संग्रहालय पाण्यात गेलं होतं. नंतर ही अख्खी इमारत जॅकवर उचलून, चाकांवर घालून उंच जागी हलवली. मी तो सगळा खटाटोप समजून घेण्यात इतकी रमले, की अविनाश मला ओढून आतल्या पोशाखांपाशी घेऊन गेला. क्रोय (चेक पारंपरिक पोशाख) बघावेत ते जवळून. पांढऱ्या सुती बाह्यांवर इतकं दाट भरतकाम, की कापड कमी आणि दोराच जास्त. गावागणिक टोपी वेगळी, एप्रन वेगळा. नवरीच्या डोक्यावर मणी, फुलं आणि छोट्या आरशांचा मुकुट. तिथे स्वेच्छेने माहिती सांगणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते म्हणाले, "लग्नात नवरा-नवरीसमोर चिनी मातीची बशी फोडतात. दोघांनी मिळून तुकडे गोळा करायचे. तिथूनच संसार सुरू."

"शुभकार्यात फोडाफोडी?" अविनाश माझ्या कानात मराठीत म्हणाला.

ते गृहस्थ हसले. काय म्हटलं असेल हे त्यांना बहुतेक कळलं होतं.

मुक्काम सीडर रॅपिड्सला करून दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो. स्पिलव्हिल इतकं लहान आहे, की आमच्या नेपरव्हिलच्या एका सोसायटीत मावेल. तरी तिथे बघायला दोन गोष्टी अशा आहेत, की वाट वाकडी करून जावं. एक, घड्याळांचं संग्रहालय. इथल्या दोन अविवाहित शेतकरी भावांनी शेती सांभाळून, हिवाळ्याच्या मोकळ्या दिवसांत, लाकूड कोरून माणसापेक्षा उंच घड्याळं घडवली. ठोके पडले की एकातून संतांच्या छोट्या मूर्ती मिरवणुकीने बाहेर येतात. भाऊ स्वतः गावाबाहेर फारसे कधी गेलेच नाहीत. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक जगप्रसिद्ध चेक संगीतकार एकदा उन्हाळाभर राहिला होता. न्यूयॉर्कला कंटाळून, आपली भाषा कानावर पडावी म्हणून, तो इथे आला.

दुसरी गोष्ट म्हणजे टेकडीवरचं दगडी चर्च. आत निळा आणि सोनेरी रंग, माळ्यावर जुना ऑर्गन. तो संगीतकार सकाळच्या प्रार्थनेला हाच ऑर्गन वाजवायचा. बाहेर स्मशानभूमीत लोखंडी क्रूस उभे आहेत. गावच्याच लोहाराने घडवलेले, वेलबुट्टीचे, एकासारखा दुसरा नाही.

बाबीचं घर गावाच्या टोकाला, पांढऱ्या लाकडी फळ्यांचं. नाव ॲग्नेस. उंच, ताठ, पांढरे केस घट्ट मागे बांधलेले. तिने आम्हाला कॉफी दिली, लाडवाचा तुकडा चवीने खाल्ला, शाल खांद्यावर घेतली, सगळं अगदी रीतसर. आणि मग म्हणाली, "सई गोड मुलगी आहे. माझे आशीर्वाद घेऊन जा. गुडघ्यांमुळे मला काही यायला जमणार नाही."

अविनाशने गुडघ्यांची चौकशी सुरू केली. मी कॉफीचे कप उचलून स्वयंपाकघरात गेले. तिथे ओट्याशेजारच्या फळीवर मोठे चौकोनी ट्रे रचलेले होते, घासून लख्ख. खाली मैद्याची पोती. आणि काचेच्या बरणीत, गळ्यापर्यंत भरलेली, काळी-निळी खसखस.

बाबी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"आता कुणासाठीच नाही." ती बरणी भिंतीकडे सरकवत म्हणाली, "आमच्याकडे लग्नाचे कोलाचे (मधे गोड सारण भरलेले, खमिराच्या पिठाचे गोल पाव) घरच्या बायका करतात. मी या गावातल्या कितीतरी लग्नांचे केले. डॅनियलला विचारलं, किती करू? तो म्हणाला, बाबी, तू काही करू नकोस, सगळं केटररकडे आहे. तू फक्त पाहुणी म्हणून ये, मजा कर."

"प्रेमाने म्हणाला असेल."

"प्रेमानेच म्हणाला," बाबी म्हणाली. "म्हणून तर भांडताही आलं नाही."

आता हे दुखणं मला नवीन नव्हतं. आमच्याकडे याला मानपान म्हणतात आणि त्यावरून मांडवात काय काय घडतं ते मी लहानपणापासून बघत आले आहे. माणूस रुसतो तो जेवणावर नाही, आपल्याला कुणी कामाचं धरलं नाही यावर. मी बाह्या वर केल्या.

"मला शिकवा. आत्ता."

"आत्ता?"

"आम्ही संध्याकाळपर्यंत इथेच आहोत. आणि आमच्या लग्नात रुखवत नावाची गोष्ट असते. हॉलमध्ये मोठं टेबल मांडून त्यावर घरी केलेले पदार्थ सगळ्या पाहुण्यांना दाखवायला ठेवतात. खरं तर ते मुलीकडचे करतात. यंदा दोन्हीकडचे करतील. अर्धं टेबल माझं, अर्धं तुमचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सगळे बघतात?"

"बघतात, नावं ठेवतात, फोटो काढतात."

"मग नीट करायला हवेत," बाबी म्हणाली आणि तिने एप्रन घेतला.

दुपारभर आम्ही राबलो. ओव्हनजवळ पीठ फुगत ठेवलं. खसखस दळून दूध-साखरेत शिजवली, तेव्हा घरभर आमच्या अनारशांच्या, खिरीच्या दिवसांचा वास सुटला. मी गोळ्याला मधे खळगा पाडला, की बाबी तो बघून म्हणायची, "खोल. अजून खोल. कंजूषपणा नको." माझी पहिली खेप एका बाजूने फुगली आणि सारण ट्रेभर वाहिलं. "पूल कोसळला," अविनाश म्हणाला. दुसरी खेप मात्र उभी राहिली. जर्दाळूचे, चीजचे आणि खसखशीचे. अविनाशने तिला सुपाची गोष्ट सांगितली होती, म्हणून सारणात बेकन नाही याची तिने न विचारताच हमी दिली.

"माझी एक अट आहे," शेवटचा ट्रे बाहेर काढताना बाबी म्हणाली. "बशी फुटली पाहिजे."

"फुटेल," मी म्हटलं. अविनाशला ठसका लागला.

पण ती येते असं अजून म्हणाली नव्हती. निघायच्या आधी तिनेच आम्हाला स्मशानभूमीत नेलं. उतारावर एका क्रूसापाशी थांबली. तिची मुलगी, डॅनियलची आई. बाबीने खाली वाकून गवत हाताने सारखं केलं. गुडघे चांगले वाकत होते.

"हिच्या लग्नाचे कोलाचे मी केले," ती म्हणाली. "डॅनियलच्या लग्नात हिची खुर्ची असणार. मुलाच्या आईची. तिथे मी कशी बसू? माझी जागा ती नाही. आणि पाहुण्यांच्या रांगेत बसायला माझा जीव होत नाही."

वारा मक्याच्या शेतांवरून येत होता. अविनाशनेच हळूच मराठीत म्हटलं, "सांग ना तिला, ती तुझी कोण लागते ते."

मी सांगितलं. "इंग्रजीत याला शब्द नाही. मुलीची आई आणि मुलाच्या घरची मोठी बाई एकमेकींच्या कुणीतरी लागतात. आमच्याकडे त्या नात्याला नाव आहे. विहीण. लग्नात तिला हाताला धरून आणतात, तिची ओटी भरतात, जेवायला तिला पहिली बसवतात. तुम्ही तुमच्या मुलीची जागा घ्यायची नाही. तिच्या खुर्चीवर आपण तिचा फोटो आणि फुलं ठेवू. तुम्ही माझ्या शेजारी बसा. तुम्ही माझ्या विहीण."

"वि-हीन," बाबीने म्हणून बघितलं.

"नाही नाही. विहीन म्हणजे जिच्याकडे काही नाही ती. वि-ही-ण. जीभ मागे न्या."

तिने दोनदा, तीनदा प्रयत्न केला. स्मशानभूमीत आम्ही तिघं उभं राहून जीभ टाळूला लावत होतो. शेवटी तो 'ण' आला, जरा जाडसर, पण पक्का. बाबी हसली आणि मग डोळे पुसायला तिने शालीचा पदर घेतला.

"गाडीत पाय लांब करायला जागा लागेल," ती म्हणाली. "आणि ट्रे ठेवायला."

परतीच्या वाटेवर सईचा फोन आला. "आई, व्हॉट डिड यू डू? बाबीने डॅनियलला कॉल केला. केटररचं डेझर्ट कॅन्सल करायला सांगतेय! आणि हॉलमध्ये ओव्हन आहे का विचारतेय!"

"असेल तर बघून ठेवा," मी म्हटलं. "विहीणबाईंना दोनदा विचारायला लावू नका."

गाडी अविनाश चालवत होता. दोन्ही बाजूंना काळी माती, दूरवर एखादा चर्चचा मनोरा. या भागात फिरायला येणाऱ्याला मी काचेची दुकानं, क्रोय, लाकडी घड्याळं, ऑर्गन सगळं बघायला सांगेन. पण दीडशे वर्षं परक्या देशात जे टिकलं, ते कुणीतरी सणावाराला बाह्या वर करत राहिलं म्हणून. आमचंही तसंच टिकेल, टिकलं तर.

बऱ्याच वेळाने अविनाश म्हणाला, "पुढच्या वर्षी प्रागला जायचं का? इतकं सगळं ऐकलं, आता मूळ देश बघून घेऊ."

"जाऊ की," मी म्हटलं. "आता आपल्या सोयऱ्यांचं गाव आहे ते."