अडीनडीला कुसुमताई

हुडकेश्वरच्या पलीकडे बांधलेल्या घरकुलात राहायला आल्यापासून पार्वतीबाईंचा हा तिसरा उन्हाळा. घर चौथ्या मजल्यावर. नळाला पाणी, आत संडास, दाराला धड कडी. गॅलरीतून प्लॉट पाडलेली शेतं दिसत. एवढ्या उंचावरून खाली बघायची सवय मात्र त्यांना अजून झाली नव्हती.

त्या मूळच्या सावनेरकडच्या. लग्न होऊन आल्या त्या थेट नागपुरात, नाल्याकाठच्या वस्तीत. नवरा आनंदराव सायकलरिक्षा चालवायचा. सुशील पोटात असतानाच तो काविळीने गेला. माहेरी परतायचं म्हणून पार्वतीबाईंनी गाठोडं बांधलं, तर शेजारच्या कुसुमताई दारात येऊन बसल्या.

"माहेरी जाशीन तं भावजयीच्या हाताखाली राहाशीन. इथंच राह्य. मी आहो ना."

त्यांनी पार्वतीबाईंना आपल्यासोबत एका खाणावळीत पोळ्या लाटायला नेलं. दोघींच्या घरांमधली भिंत बांबूच्या तट्ट्याची, तीही छपरापर्यंत न पोचलेली. एका घरात कांद्याची फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागायचा. सुशील कोणाकडे जेवला नि कोणाकडे झोपला, हे कोणी विचारायचं नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे पाहुणे दोन्ही घरांत मिळून मावायचे.

पावसाळ्यात नाल्याचं पाणी चुलीपर्यंत यायचं, तेही पार्वतीबाई विसरल्या नव्हत्या. वस्ती उठली तेव्हा त्यांना घरकुल मिळालं, कारण झोपडं आनंदरावच्या नावावर होतं. कुसुमताई भाड्याच्या खोलीतल्या. त्यांना काहीच मिळालं नाही. त्या कोराडीला लेकीकडे गेल्या. सामान दोघींनी मिळून टेम्पोत चढवलं. येणं-जाणं होईलच, असं दोघींनाही वाटत होतं. पण कोराडी शहराच्या एका टोकाला, हुडकेश्वर दुसऱ्या. त्यात पार्वतीबाईंचे गुडघे धरलेले.

एका दुपारी हर्षा नावाची मुलगी टॅब घेऊन दारात आली. शहरातली गरिबी किती हटली, याची पाहणी चालली होती. घर पक्कं आहे का, गॅस आहे का, मुलगा शिकला का, वर्षभरात कधी उपाशी झोपलात का, असं ती विचारत गेली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, पैसे पाठवतो, असं पार्वतीबाईंनी सांगितलं.

"मावशी, तुमचं छान झालं की," हर्षा म्हणाली. पार्वतीबाईंनाही ते खोटं वाटलं नाही.

मग तिने विचारलं, "अडीनडीला कोणाकडे जाता?"

"कुसुमताईकडे."

"कितव्या मजल्यावर राहतात त्या?"

पार्वतीबाईंचा हात सवयीने बाजूच्या भिंतीकडे गेला आणि तसाच थांबला. "ती कोराडीले राह्यते," त्या हळूच म्हणाल्या.

"मग, 'कोणी नाही' असं टाकू?"

"नको बाई. कुसुमताईच टाक."

हर्षाने थोडा विचार केला आणि 'शेजारी' या शब्दावर बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, डब्यात जवसाची चटणी भरून, पार्वतीबाई निघाल्या. दोन बसगाड्या बदलून कोराडीला उतरल्या. रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग होती. विचारत विचारत घर सापडलं, तर कुसुमताई ओट्यावर पडलेली वीजकेंद्राची राख झाडत होत्या. वाळल्या होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

"कोण वं?"

"मी पारबती."

कुसुमताईंनी झाडू खाली ठेवला, पण जागच्या हलल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "जेवली काय?"

"नाई."

जेवण झाल्यावर पार्वतीबाईंनी येतानाच मनात धरलेलं बोलून टाकलं. "ताई, तू माह्याकडे चाल. घरात मी एकटीच आहो. सुशील काही म्हणत नाई."

कुसुमताई पायाच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "लेक कामावर जाते. नातीले कोण पाह्यीन? जावईबी वाईट नाई. कोन्या तोंडानं निघू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मले वाटत नाई असं नको समजू. सकाळी उठलं का तुह्यंच नाव तोंडात येते. लेक इचारते, आई, कोणाले हाका मारून राहिली?"

पार्वतीबाईंनी कुसुमताईंच्या पाठीवर हात ठेवला. पदर कोळशाच्या धुळीने खरखरीत झालेला होता. संध्याकाळची बस आली तशी त्या निघाल्या.

पुढे थंडीत नातीला सुट्ट्या लागल्या नि लेकीनेही रजा घेतली, तेव्हा जावयाने स्वतः कुसुमताईंना हुडकेश्वरला आणून सोडलं. चार दिवस दोघींचं बोलणं सरत नव्हतं. गॅलरीतल्या उन्हात बसून त्यांनी वस्तीतल्या एकेका घराची आठवण काढली, मेलेल्यांचीही आणि जिवंत असून कुठे गेली ते न कळलेल्यांचीही. मग जावई येऊन घेऊन गेला. जिने उतरताना कुसुमताई प्रत्येक वळणावर थांबून वर पाहत होत्या.

त्या गेल्यावर पार्वतीबाईंनी भांडी घासली, घर झाडलं. कुसुमताईंचं अंथरूण मात्र बरेच दिवस तसंच पसरलेलं राहू दिलं.