अकरा फुटांचं अंतर

रविवार, बारा मे. रंग फवारायची हातमशीन तीन हजार चारशे पन्नास रुपये. गच्चीवर हजर मी, माझी बायको आणि कठड्यापलीकडे शेजारच्या मावशी. लातुरात आमच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत, मध्ये कमरेएवढा कठडा. रंगाऱ्याने जिन्याच्या खोलीची नुसती मजुरी सहा हजार सांगितली, म्हणून मी मशीन आणली.

मावशी कुरडया करून विकतात. त्यांच्या गच्चीवर दुपारनंतर आमच्या जिन्याच्या खोलीची सावली येते, म्हणून दर उन्हाळ्यात त्यांचं वाळवण आमच्या गच्चीवर असतं. या खेपेला नांदेडच्या एका लग्नघराची बावीस किलोची ऑर्डर होती. सहा वर्षांचं गिऱ्हाईक. आज रंग द्यायचा आहे, वाळवण तिकडे घ्या, असं मीच त्यांना सांगितलं.

"उडणार न्हाई ना इकडं, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी टेप लावली. भिंतीपासून त्यांच्या वाळवणापर्यंत अकरा फूट भरलं. एवढ्या लांब काही येत नाही, असं मी त्यांना ठामपणे सांगितलं.

माझी बाजू मी चोख झाकली होती. फरशीवर वर्तमानपत्रं, कुंड्यांवर पोतं. रंगात पाणी मापाने घातलं, पातळपणा कळावा म्हणून मशीनसोबत आलेल्या कपातून तो किती सेकंदांत गळतो हे घड्याळ लावून पाहिलं, गाळून भरला. मशीन सुरू केली तसं वारं सुटलं. मेमधलं गरम वारं. बरंच झालं, रंग लवकर वाळेल, एवढंच माझ्या मनात आलं. अडीच तासांत तीन भिंती झाल्या. मी खूश होतो.

चारच्या सुमाराला मावशींनी कुरडया उचलल्या, दोन पत्र्याच्या डब्यांत भरल्या आणि पाचच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे द्यायला आपल्या भावाला धाडलं. मी मशीन धुवायला घेतली आणि सहज पलीकडे पाहिलं.

कुरडया ज्या जुन्या जांभळ्या साडीवर वाळत घातल्या होत्या, ती अजून तिथंच पसरलेली होती. तिच्यावर गोल गोल जांभळे ठिपके होते, ओळीने, शेकड्यांनी. बाकीची साडी पांढुरकी पडली होती. जिथं जिथं कुरडई होती तेवढाच कपडा स्वच्छ राहिला होता. मी कठडा ओलांडून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी आली.

चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. स्कूटरवर बसस्टँड बारा मिनिटं. स्कूटर हाताशी होती.

मी गेलो नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. पांढऱ्या कुरडईवर पांढरा रंग, कुणाला दिसणार? बावीस किलोवर पसरला तर एका कुरडईवर कितीसा येणार, याचा मी आकडा काढू लागलो. तो निघेना. मी मशीनची धुतलेली नळी पुन्हा धुतली. पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली.

तेवढ्यात बायको वर आली. हातात ताटली. मावशींनी त्यातल्याच चार कुरडया तळून धाडल्या होत्या, दुपारपासून उन्हात राबताय म्हणून. तिने एक मोडून तोंडाशी नेली आणि मी तिचा हात धरला.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी साडीकडे बोट केलं. तिने साडी पाहिली, घड्याळ पाहिलं. मग ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मला खाऊ दिली नाहीत. ते लग्नातले लोक कोण आहेत मग?"

मग मावशींकडे गेलो. मी सगळं सांगितलं, पायरीवर बसलेला वेळसुद्धा. मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"टेप लावून मोजलं होतं नव्हं तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी नव्या गव्हाचे पैसे देतो म्हणालो. गहू तीन दिवस भिजतो, मग चीक काढायचा, शिजवायचा, वाळायला पुढे दोन दिवस, आणि लग्न गुरुवारी, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. हा एक हिशेब मी कधी केलाच नव्हता.

मग त्यांनी माझ्यासमोर नांदेडला फोन लावला. "ताई, डबे येतेत, पण उघडू नगा. माल खराब झालाय माझा." पलीकडून काही विचारलं गेलं. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "न्हाई, माझ्याच हातून झालं." त्यानंतर बराच वेळ त्या नुसतं "हाव, हाव" करत ऐकत राहिल्या. मी समोर उभा होतो. फोन मागून घ्यावा, माझं नाव सांगावं, असं वाटलं. घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी डबे न उघडता त्याच कंडक्टरबरोबर परत आले. मी स्टँडवरून आणले, रिकामे केले, घासून दिले. पाकिटात दहा हजार चाळीस नेले होते. मावशींनी दोनदा मोजून तीन हजार परत केले.

"हे कशाचं?"

गिऱ्हाईक तुटलं त्याचं, मी म्हणालो.

"त्याचा भाव मला ठाऊक न्हाई, भाऊ. तुम्हालाबी न्हाई."

शेवटी दिलं ते एवढंच: बावीस किलोचे, तीनशे वीसच्या भावाने, सात हजार चाळीस मावशींना, आणि डबे परत आणल्याचे शंभर कंडक्टरला.