पहिलीचे गुरुजी

"चित्र झाकलं. आता वाच बघू." असं म्हणत गुरुजी पुस्तकातल्या चित्रावर आपला रुंद पंजा ठेवत. पोरगं अडखळलं की हसत. "आंबा दिसला म्हणून आंबा म्हणत हुतास व्हय? अक्षर बघ, बाळा."

लढाईची वर्षं होती. पलूसकडच्या एका गावात पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. एक त्यांची, एक माझी. माझी तुकडी धडे एका सुरात म्हणे आणि रस्त्यानं जाणारे थांबून ऐकत. मला त्याचा भारी अभिमान.

"पोपट झकास पढवलेत तुमी, मास्तर," गुरुजी म्हणत. मी तरुण होतो. मला राग यायचा.

ते दिवाळीपर्यंत पुस्तक उघडू देत नसत. आधी चिंचोके मांडून स्वतःचं नाव, मग आईचं. एका पोरीला नाव जमलं, तसं तिनं ते खडूनं घरच्या म्हशीच्या पाठीवर लिहिलं. बाप तणतणत शाळेत आला. "आवं गुरुजी, म्हशीची पाटी केली की पोरीनं."

गुरुजींनी टोपी चढवली. "चला, काना नीट दिलाय का बघून येतो." आणि खरंच गेले.

दिवाळीआधीच शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले. माझ्या पोरांनी पाचवा धडा घडाघडा म्हटला. निम्म्यांना त्यातलं अक्षरही ओळखू येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. गुरुजी म्हणाले, "साहेब, फळ्यावर दोन शब्द लिवा, माझी पोरं वाचतील." साहेबांना घाई होती. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांच्या पद्धतीत काही तथ्य आहे का?"

तथ्य होतं. मी ते रोज बघत होतो. पण साहेबांनी नुकतीच माझी पाठ थोपटली होती. मी म्हणालो, "वेळ फार जातो, साहेब."

तेवढं पुरलं. संक्रांतीच्या सुमारास गुरुजींची साताऱ्याकडच्या डोंगरात बदली झाली आणि त्यांची तुकडी माझ्याकडे आली. जाताना ते एवढंच बोलले, "मास्तर, पोरं आत्ता कुठं वाचाय लागलीत. त्यास्नी पाठ म्हनाय लावू नका."

मी लावलं. सांगायला लाज वाटते, पण ते सोपं होतं. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

तीन वर्षांनी ती पोरं चौथीत गेली आणि चौथी माझ्याकडेच आली. न पढवलेला धडा समोर आला की माझ्या तोंडाकडे बघत बसत. तेव्हा मात्र मला राहवेना. गुरुजींची माफी मागायची म्हणून मी सुट्टीत साताऱ्याला गेलो आणि पुढं चालत त्यांची शाळा गाठली.

हेडमास्तरांनी मला बसवलं, पाणी दिलं. गुरुजी आदल्या उन्हाळ्यातच वारले होते.

"इथं पहिली त्यांच्याकडंच होती ना?" मी विचारलं.

"न्हाई. वरच्या वर्गांची गणितं घ्यायचे. पहिली देऊ नये, असा वरून शेरा हुता."

"मग त्यांनी कधी मागितली नाही?"

"मागायचे की," हेडमास्तर म्हणाले. "दर जूनला अर्ज द्यायचे."