गच्चीवर नेलेला सब्जा

सकाळी गॅलरीत मधमाश्या आल्या आणि रिकाम्या कोपऱ्यात घिरट्या घालत राहिल्या. कालपर्यंत तिथे सब्जाची कुंडी होती.

माझ्या बायकोने, सुमनने, तो सब्जा बी पेरून वाढवला होता. झाड डेरेदार व्हावं म्हणून ती शेंडे खुडायची, पण सगळ्या मंजिऱ्या कधी काढत नसे. "निम्म्या राहू देत माश्यांना," म्हणायची. केमो सुरू झाल्यापासून मात्र तिला कुठलाच वास सोसेना. फोडणीचा नाही, साबणाचा नाही. काल सब्जाच्या वासानेही उलटी झाली. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "ती कुंडी हलवा हो इथून." मी ती गच्चीवर नेऊन ठेवली.

माश्या त्या जागेवरून हलेनात. हे दुखणं सुमनचं काय काय घेऊन जाणार आहे, ते मला कुणीच सांगत नाही. मीही दिवसभर तिच्या खाटेभोवती फिरतो, पूर्वीची ती कुठे सापडते का बघत.

"वर जाऊन एक पान आणा," ती अचानक म्हणाली.

"अगं, पुन्हा त्रास होईल."

"होऊ दे. आणा."

मी आणलं. तिने ते चुरगळून नाकाशी नेलं आणि तिला जोराची उबळ आली. मी भांडं पुढे धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिलो. बऱ्याच वेळाने तिला थोडं बरं वाटलं. डोळे पुसून ती म्हणाली, "उद्या पुन्हा एक पान आणा."