अर्डिसने ओढलेली रेषा

आमच्या शेजारच्या अर्डिसला अपराधी वाटलं की ती ओव्हन पेटवते. आयोवातल्या आमच्या गावात माफी तोंडाने मागत नाहीत. बटाटे, खिमा आणि चीज काचेच्या भांड्यात भाजून समोरच्याच्या दारात नेऊन ठेवतात. तरी गेला हिवाळाभर ती रुळांपलीकडच्या ग्रिसेल्दाकडे इतकी भांडी पोचवायला लागली, की माझं नाक आपसूक त्या वासामागे गेलं.

ग्रिसेल्दा मांसाच्या कारखान्यात कामाला. गाव परिषदेची निवडणूक लढली आणि हरली. रुळांपलीकडच्या चारही गल्ल्या तिच्याच, स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांच्या, पण समोरच्या घरातली बाईसुद्धा तिला मत देऊ शकली नाही. रस्त्याच्या मधोमध वॉर्ड बदलत होता. जनगणनेनंतर वॉर्ड नव्याने आखले, त्यात त्या गल्ल्या तीन वॉर्डांत वाटल्या गेल्या. आखणाऱ्या समितीच्या बैठकांना गावातलं कुणी फिरकलं नव्हतं. त्या समितीत अर्डिस होती, आणि ग्रिसेल्दाला हरवून निवडून आला तो व्हर्लिन, अर्डिसचा सख्खा भाऊ.

मी कुंपणावरून म्हटलं, "अगं, बटाट्यांना मत असतं तर तुझी ग्रिसेल्दा एव्हाना गव्हर्नर झाली असती."

ती हसली नाही. लालबुंद होऊन आत गेली.

अर्डिस त्या समितीत होती, हे ग्रिसेल्दाला बिचारीला ठाऊकच नव्हतं. वॉर्ड पुन्हा आखा, असं परिषदेला सांगायचं तिने ठरवलं, आणि आपल्या बाजूने बोलायला, गावात मान आहे म्हणून, नेमकी अर्डिसलाच गळ घातली.

सभेत अर्डिस माइकपाशी उभी राहिली. समोर व्हर्लिन.

"ती रेषा चुकून तशी गेलेली नाही," ती म्हणाली. "मी ओढली. व्हर्लिन हरू नये म्हणून."

व्हर्लिन पाण्याचा ग्लास शोधायला लागला. तो त्याच्या हातातच होता. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढच्या जनगणनेपर्यंत हेच वॉर्ड राहतील, असं सांगून टाकलं.

अर्डिस डोळे पुसत येऊन बसली. ग्रिसेल्दाने तिच्याकडे बघितलं नाही. पण त्यांच्या भाषेत थोर बाईला लावतात ते 'दोन्या' लावूनच हळू आवाजात म्हणाली, "दोन्या अर्डिस, इथे रडू नका. पुढच्या समितीत मी बसणार. माझं नाव तुम्ही सुचवायचं. आत्ता, भावाच्या तोंडावर."

"माझं बोलून झालं गं एकदा."

"मग पुन्हा रांग लावा."

अर्डिस उठली, आणि मोकाट कुत्र्यांची तक्रार घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यामागे जाऊन उभी राहिली.